मंडई, कात्रजचा नळ आणि होडीचा पंप : इंधन वर कसे चढते?

१/ आजचा धागा वरवर पाहता विचित्र वाटेल. विषय आहे होडीच्या पाठीमागे टांगल्या जाणाऱ्या इंजिनासाठी विजेवर चालणारा इंधनपंप कसा निवडावा, हा. परंतु यंत्राचा प्रत्येक भाग हा इतिहासाचा दस्तऐवज असतो. आधीच्या पिढीला कोणती अडचण आली आणि तिने ती कशी सोडवली, हे त्यात कोरलेले असते. तो दस्तऐवज वाचायला आपण सुरुवात करणार आहोत पुण्याच्या मंडईपासून.

२/ साल १८८६. शुक्रवार पेठेत पुणे नगरपालिकेची नवी मंडई खुली झाली. मध्यभागी उंच अष्टकोनी मनोरा, भोवती आठ दिशांना पसरलेल्या पाख्या. त्याआधी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून नव्या इमारतीला ‘रे मार्केट’ म्हणू लागले.

३/ त्याच १८८६ साली जर्मनीत कानश्टाटजवळ नेकार नदीवर गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी एका होडीत आपले पेट्रोल इंजिन बसवून ती चालवून पाहिली. लोकांना पेट्रोलची धास्ती होती; होडीचा स्फोट होईल, अशी भीती होती. म्हणून डाइम्लरने होडीच्या कडेने तारा आणि चिनीमातीचे विद्युतरोधक लावले आणि ही विजेची होडी आहे असे भासवले, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते.

४/ ही हकीकत गमतीची आहे. पण ती भीती मात्र अडाणी नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावरच्या गाडीतून ती खाली सांडते आणि वाऱ्याने उडून जाते. होडीला खाली छिद्र नसते! सांडलेली वाफ तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. आजच्या धाग्यातला प्रत्येक निर्णय शेवटी या एका वस्तुस्थितीपाशी येऊन थांबतो.

५/ आता मूळ प्रश्न. इंजिनाला इंधन लागते. ते टाकीत असते. टाकीतून इंजिनापर्यंत ते जाते कसे? या प्रश्नाला इतिहासाने चार उत्तरे दिली : उतार, दाब, ओढ आणि ढकल. ही चारही उत्तरे महाराष्ट्राला पाण्याच्या आणि रॉकेलच्या निमित्ताने चांगली परिचित आहेत. एकेक पाहू.

६/ पहिले उत्तर : उतार. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत भुयारी नळाने पाणी आणले गेले. त्यात कोणतेही यंत्र नव्हते. कात्रज उंचावर, शहर सखल; मध्ये बेताचा, सावधपणे राखलेला उतार. बाकीचे काम पृथ्वीच्या ओढीने केले.

७/ या नळाचा एक तपशील पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे. ठरावीक अंतरावर त्यावर ‘उच्छ्वास’ बांधलेले आहेत. नळात अडकलेली हवा त्यांतून बाहेर पडते. हवेचा बुडबुडा कोंडला तर पाण्याची वाट अडते, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. पाणी वाहते ठेवायचे तर हवेलाही वाट करून द्यावी लागते. हे सूत्र लक्षात ठेवा.

८/ होडीच्या इंजिनाची सुरुवातही उतारानेच झाली. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकी गृहस्थाने १९०५ च्या सुमारास होडीच्या पाठीमागे अडकवायचे सुटे इंजिन तयार केले. १९०९ साली मिलवॉकीच्या ओले एविन्रूड याने आपले दीड अश्वशक्तीचे इंजिन विक्रीस आणले आणि ते घरोघरी पोहोचवले. उन्हाळ्यात भावी पत्नीसाठी आइस्क्रीम आणायला तळे वल्हवून पार करावे लागले, आणि त्या दमछाकीतून ही कल्पना सुचली, अशी त्याच्याविषयीची आख्यायिका आहे.

९/ त्या इंजिनाला पंपच नव्हता. छोटी टाकी इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली. पेट्रोल आपल्या भाराने खाली कार्ब्युरेटरमध्ये उतरत असे. टाकी कार्ब्युरेटरच्या फूटभर वर असेल, तर मिळणारा दाब जेमतेम ०.०२ बार. छोट्या इंजिनाला तेवढा पुरतो. यात बिघडण्यासारखे काही नव्हते. म्हणूनच लहान इंजिनांवर ही पद्धत दीर्घकाळ टिकली.

१०/ मग ती अपुरी का पडली? डोक्यावरची टाकी मोठी करता येत नाही. इंजिनाची ताकद वाढली तशी भूक वाढली. डुलत्या होडीत, तापलेल्या इंजिनावर, डब्याने पेट्रोल ओतण्याचा प्रसंग वारंवार येऊ लागला. डाइम्लरच्या प्रेक्षकांना जी भीती वाटत होती, ती इथे प्रत्यक्ष समोर उभी राहिली. उपाय एकच होता : मोठी टाकी होडीच्या तळाशी ठेवायची. परंतु मग टाकी खाली आणि इंजिन वर. उतार संपला, चढ सुरू झाला.

११/ दुसरे उत्तर : दाब. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातला प्रायमस स्टो आठवा. स्वीडनमध्ये १८९२ साली जन्मलेल्या या स्टोने महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची चूल बदलली. टाकीत रॉकेल, बाजूच्या दांड्याने हवा भरायची, दाबलेली हवा रॉकेलला वर ढकलते, ते तापून वाफ होते आणि निळी ज्योत पेटते.

१२/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत होडीच्या इंजिनांनी हेच तत्त्व उचलले. १९४९ च्या सुमारास जॉन्सन कंपनीच्या इंजिनांबरोबर सुटी टाकी येऊ लागली. टाकीपासून इंजिनापर्यंत दोन नळ्या : एकीतून इंजिन आपल्या पोटातली दाबयुक्त हवा टाकीत पाठवी, दुसरीतून त्या दाबाने पेट्रोल वर येई. थोडक्यात, होडीत ठेवलेला पेट्रोलचा प्रायमस!

१३/ प्रायमसचे गुण आले तसे दोषही आले. झाकणाचे रबर जरा सैल झाले की दाब उतरे आणि इंजिन बंद पडे. नळीला चीर गेली तर पेट्रोल ठिबकण्याऐवजी उडू लागे. आपल्याकडे ‘स्टोचा भडका’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या किती पिढ्यांनी वापरला, हे सांगायला नको. दाबाखाली साठवलेले इंधन हा घरात आणि होडीत सारखाच धोका. १९५० चे दशक संपता संपता उत्पादक या पद्धतीपासून दूर जाऊ लागले.

१४/ तिसरे उत्तर : ओढ. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या खालच्या पेटीत दट्ट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर दाब कमी-जास्त होतो. त्या धडधडीवर एक पातळ पडदा हलवायचा. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला दोन एकमार्गी झडपा ठेवायच्या. पडदा मागे गेला की पेट्रोल आत, पुढे आला की पुढे. हाच पडद्याचा पंप. वीज नको, वंगण नको, किंमत अल्प. टाकीतला दाब गेला, दुसरी नळीही गेली. सुरुवातीला नळी भरून घेण्यासाठी मध्ये हाताने दाबायचा रबरी गोळा आला, तो आजही असतो.

१५/ इथे भौतिकशास्त्राचा एक मुद्दा आवश्यक आहे. पंप द्रव ‘ओढत’ नाही. तो पुढे पोकळी करतो आणि मागून वातावरणाचा दाब द्रवाला ढकलतो. म्हणून ओढीला मर्यादा असते. पाणी या रीतीने सुमारे दहा मीटरच्या वर चढत नाही. पेट्रोलची अडचण याहून मोठी : ते साधारण पस्तीस ते चाळीस अंशांपासूनच उकळू लागते, आणि दाब कमी केला तर त्याच्याही आधी. कोकणातल्या मे महिन्याच्या दुपारी, इंजिनाच्या बंद टोपणाखाली, ओढणाऱ्या नळीत पेट्रोलचीच वाफ होते. बुडबुडा अडकतो. कात्रजच्या नळातली हवा आठवली ना?

१६/ हीच अडचण महाराष्ट्राने विहिरीच्या बाबतीत सोडवलेली आहे आणि ती हकीकत सर्वांनी वाचावी अशी आहे. अवर्षणग्रस्त भागात खोल विंधनविहिरींवर जे ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले, ते मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेल्या परदेशी पंपांच्या नकला होत्या. अख्ख्या गावाने दिवसभर हापसले की ते मोडत. मग जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी ‘जालना पंप’ तयार झाला आणि त्या मागोमाग ‘सोलापूर पंप’. त्याच सोलापूर पंपाच्या आधारे १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप विकसित झाला आणि जगातल्या अनेक देशांत गेला.

१७/ या हापशातून दोन धडे मिळतात. पहिला यंत्राचा : खोल विहिरीत पंपाचे नळकांडे वर नसते, ते खाली पाण्यात बुडवलेले असते. वरून ओढण्यापेक्षा खालून ढकलणे भरवशाचे. दुसरा धडा माणसांचा : चांगला पंप म्हणजे कागदावर उत्तम दिसणारा पंप नव्हे, ज्याचा वापर जसा होणार आहे तसा टिकणारा आणि जवळच्या माणसाला दुरुस्त करता येणारा पंप. दोन्ही धडे होडीला जसेच्या तसे लागू पडतात.

१८/ चौथे उत्तर : ढकल, म्हणजे विजेचा पंप. मोटारींच्या जगात तो जुना आहे. १९३० च्या दशकापर्यंत ब्रिटिश मोटारींमध्ये एसयू कंपनीचा विद्युतचुंबकीय पंप टिकटिक करू लागला होता. १९६७ साली बॉशने फोक्सवॅगनसाठी विजेवर नियंत्रित इंधन-फवारणी आणली, तेव्हा विजेचा उच्चदाब पंप अपरिहार्य झाला. होडीच्या चार-स्ट्रोक इंजिनांत ही फवारणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागली.

१९/ आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. महाराष्ट्राच्या कोळी बांधवांनी यांत्रिकीकरणाच्या वेळी बहुतांशी दुसरा मार्ग धरला. १९५० च्या दशकात सातपाटीसारख्या गावांतल्या होड्यांचा घाटच असा होता, की त्यांच्या पोटात डिझेल इंजिन बसवता आले. केरळात १९५२ च्या इंडो-नॉर्वेजियन करारानंतर यंत्रासाठी नव्या घाटाच्या बोटी आणाव्या लागल्या. आणि तिथल्या पारंपरिक होड्यांवर १९८० च्या दशकात पाठीमागची रॉकेलची इंजिने पसरली. आपल्याकडे मात्र तांडेलाने जुनी होडी ठेवली आणि तिच्यात नवे हृदय बसवले.

२०/ या निवडीमागे शहाणपण होते. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते. डिझेल नेहमीच्या हवेत तसे पेटत नाही. होडीच्या तळाशी साचणाऱ्या वाफेचा प्रश्न बराचसा तिथेच मिटला. शिवाय डिझेल इंजिन शेतीतही होते, त्यामुळे त्याचा मिस्त्री गावोगाव होता. किर्लोस्करवाडीत १९२६ पासून पंप बनत होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीवरचे इंजिन जाणणारा माणूस होडीतले इंजिनही उघडू शकत होता.

२१/ मग पाठीमागे टांगायचे पेट्रोल इंजिन महाराष्ट्रात कुठे आहे? छोट्या फायबरच्या होड्यांवर, मालवण-तारकर्लीच्या पर्यटनात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूरबचावात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. तिच्या हवेने फुगवायच्या बोटींना हेच इंजिन लागते. पुण्याला पुराची स्मृती नवी नाही : १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुन्हा बोटी उतरवाव्या लागल्या.

२२/ बचावाच्या बोटीवर इंजिन बंद पडणे म्हणजे काय, याचा विचार करा. मच्छिमार निदान नांगर टाकून थांबू शकतो. पुराच्या प्रवाहात वल्ह्याने फारसे काही साधत नाही. इंजिन वर्षातले अकरा महिने गोदामात उभे आणि बाराव्या महिन्यात पहिल्या झटक्यात सुरू झाले पाहिजे, ही त्याची नोकरी. अशा इंजिनात सर्वांत आधी थकतो तो बहुधा इंधनाचा मार्ग : वाळलेला पडदा, तडकलेली नळी, पाणी शिरलेली टाकी.

२३/ तेव्हा ‘कोणता पंप घ्यावा?’ या प्रश्नाकडे आता इतिहास पाठीशी घेऊन पाहू. पहिला विचार : इंजिन कोणत्या पिढीचे आहे? कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ०.२ ते ०.४ बार इतकाच दाब हवा. फवारणीच्या इंजिनाला अडीच-तीन बार किंवा त्याहून जास्त. म्हणजे डोक्यावरच्या टाकीच्या शंभरपटीहून अधिक. फवारणीचा पंप कार्ब्युरेटरला जोडला तर त्याची सुई-झडप तो दाब पेलत नाही. पेट्रोल ओसंडून वाहते. उलट केले तर इंजिन सुरूच होत नाही.

२४/ फवारणीच्या इंजिनात बहुधा दोन पंप असतात, हेही अनेकांना ठाऊक नसते. एक कमी दाबाचा, टाकीतून पेट्रोल वर आणणारा. तो टोपणाखालच्या एका छोट्या डब्यात पेट्रोल भरतो. त्या डब्यात वाफ वेगळी होऊन बाहेर पडते आणि उरलेले निव्वळ पेट्रोल उच्चदाबाचा विजेचा पंप पुढे ढकलतो. हा डबा म्हणजे कात्रजच्या नळावरचा उच्छ्वासच! अडीचशे वर्षांचे अंतर, द्रव वेगळा, युक्ती तीच. म्हणून ‘पंप गेला’ असे कोणी म्हटले तर आधी विचारावे : दोहोंपैकी कोणता?

२५/ दुसरा विचार : किती प्रवाह? एक जुना ठोकताळा आहे. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन दर दहा अश्वशक्तीमागे ताशी सुमारे एक अमेरिकन गॅलन, म्हणजे ३.८ लिटर, पेट्रोल घेते. चाळीस अश्वशक्तीला ताशी पंधरा लिटर. जुन्या दोन-स्ट्रोकला थोडे अधिक धरा. त्याच्या दुप्पट क्षमतेचा पंप पुरेसा. ‘मोठा तो चांगला’ हा बाजारातला नियम इथे चालत नाही. जास्तीचा पंप बॅटरी खातो आणि पेट्रोल विनाकारण तापवतो.

२६/ तिसरा विचार, आणि इथे खरोखर जीव पणाला लागतो : पंप होडीसाठी बनवलेला आहे का? नाना पेठेत मोटारीचा विजेचा पंप सहज मिळतो, स्वस्तही पडतो. तो गाडीखाली मोकळ्या हवेत किंवा टाकीच्या आत चालण्यासाठी असतो. होडीच्या बंद कप्प्यात, तळाशी साचलेल्या वाफेत, त्याची एक ठिणगी पुरे. होडीसाठीच्या विद्युत उपकरणांना बाहेरची वाफ पेटणार नाही याची चाचणी द्यावी लागते. ‘एसएई जे ११७१’ हे त्या मानकाचे नाव. ते पंपावर किंवा त्याच्या कागदावर नसेल, तर किमतीचा विचारही करू नये.

२७/ चौथा विचार : वीज कुठून येणार? दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनाला कित्येकदा बॅटरीच नसते. तिथे विजेचा पंप लावणे म्हणजे आजवर नसलेला एक नवा पांगुळगाडा होडीत आणणे होय. बॅटरी उतरली की धडधाकट इंजिन गप्प. पडद्याचा पंप इंजिनाच्याच श्वासावर चालतो; इंजिन फिरते तोवर तोही चालतो, आणि इंजिन थांबले की तोही थांबतो.

२८/ या शेवटच्या गुणाची किंमत विजेचा पंप लावल्यावरच कळते. इंजिन बंद पडले, नळी तुटली, तरी विजेचा पंप पेट्रोल ढकलतच राहतो. म्हणून इंजिन थांबताच पंपाची वीज तोडणारा स्विच हवा, आणि चालकाच्या मनगटाला बांधलेल्या दोरीने इंजिनाबरोबर पंपही बंद झाला पाहिजे. पंप टाकीजवळ, सखल जागी बसवावा, कारण विजेचा पंप ढकलण्यात शूर, ओढण्यात दुबळा. हापशाचे नळकांडे आठवा. आणि पंपाच्या आधी पाणी वेगळे करणारा फिल्टर असावा.

२९/ पाचवा विचार आजच्या काळाचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. उसाच्या महाराष्ट्रासाठी ही अर्थकारणाची मोठी घटना. परंतु इथेनॉल पाणी शोषते, आणि समुद्रावर किंवा पुरात पाण्याला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात. आणि पंपाची नळी नेमकी तळाशीच असते.

३०/ जुन्या पंपांचे रबरी पडदे आणि नळ्या या मिश्रणात फुगतात, ताठरतात, तडकतात. म्हणून जुन्या इंजिनाचा पडद्याचा पंप बिघडला तर लगेच विजेच्या पंपाकडे धावण्याआधी नवा, इथेनॉल सोसणारा पडदा आणि नव्या नळ्या टाकून पाहाव्यात. खर्च कमी, धोका कमी, आणि बहुतेकदा दुखणे तेवढेच असते. विजेचा पंप तिथे योग्य, जिथे टाकी दूर आहे, चढ मोठा आहे, बॅटरी आणि तिची देखभाल भरवशाची आहे. किंवा जिथे इंजिनाच्या रचनेतच तो आहे.

३१/ आता परत मंडईकडे. तिची योजना पुढे आली तेव्हा पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले सदस्य होते. १८७६ ते १८८२ हा त्यांचा कार्यकाळ. मंडईवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला त्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांना बांधकाम कळत नव्हते असे नाही. ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. चुना, दगड आणि मजुरीचा हिशेब त्यांना नगरपालिकेतल्या कित्येकांहून अधिक ठाऊक असणार.

३२/ त्यांचा प्रश्न इमारत चांगली की वाईट हा नव्हता. ती कोणासाठी, आणि त्या पैशातून ज्यांची गरज आधी भागायला हवी होती त्यांचे काय, हा होता. ज्या माणसाने १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याला नळ कुठून येतो इतकेच नव्हे, तर तो कोणापर्यंत पोहोचतो हेही दिसत होते. इतिहासाचा विनोद असा, की पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

३३/ मंडई निरुपयोगी ठरली असे कोणी म्हणणार नाही. गेली जवळजवळ दीडशे वर्षे ती पुण्याला जेवू घालते आहे. पण फुल्यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण बहुधा मनोरे पाहतो : पहिले इंजिन, सर्वांत मोठे, सर्वांत वेगवान. नळ्या, पडदे, झडपा आणि त्या बदलणारे हात आपल्या नोंदीत येत नाहीत. पूरबचावाची नवी बोट खरेदी झाली की छायाचित्र निघते. तिच्या इंधनाच्या नळ्या दर वर्षी बदलण्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम आहे का, हे विचारणारा सदस्य मात्र क्वचितच भेटतो.

३४/ म्हणून माझे म्हणणे इतकेच. उतार, दाब, ओढ, ढकल ही प्रगतीची शिडी नव्हे, की वरची पायरी नेहमीच श्रेष्ठ. ती चार वेगवेगळ्या परिस्थितींना दिलेली चार उत्तरे आहेत. कात्रजच्या नळाला वीज लागत नाही, म्हणून तो मागास ठरत नाही. सोलापूरचा हापसा साधा होता, म्हणूनच तो गावात टिकला. आणि सातपाटीच्या तांडेलाने परदेशी होडी न घेता आपल्याच होडीत इंजिन बसवले, तेव्हा त्याने ‘माझ्या गावात हे कोण दुरुस्त करील?’ हा प्रश्न आधी विचारलेला होता.

३५/ वाचकहो, तुमच्यापैकी कोणाचे घर सातपाटी, अर्नाळा, हर्णे, मालवण किंवा वेंगुर्ल्याला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : होडीत पहिले इंजिन कधी आले, कोणते आले, आणि ते बंद पडले की कोणाला बोलावत? त्या मिस्त्रीचे नाव, त्याचे गाव, त्याने शिकलेली जागा लिहून ठेवा. बंदरांचे आणि आरमारांचे इतिहास लिहिले गेले आहेत. पंप दुरुस्त करणाऱ्यांचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि त्याची साधने तुमच्याच घरात आहेत. उत्तरे या धाग्याखाली जरूर लिहा.